आवाज येतो, चित्र नाही : नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर गाणी आणि व्हिडिओ लावण्याचा प्रश्न

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा मोफत, नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक तिच्या यादीत बसत नाहीत. अशा घरांपुढे तीन वाटा उरतात : विंडोज ११ असलेला नवा संगणक घ्यायचा, मॅककडे वळायचं, किंवा जुन्याच यंत्रावर लिनक्स मिंट, उबुंटू, फेडोरा यांपैकी काही बसवायचं. वाट कोणतीही धरली तरी पहिल्या आठ-पंधरा दिवसांतल्या तक्रारी बऱ्याचदा एकाच जातीच्या असतात. गाणं लागत नाही, डीव्हीडी नुसतीच फिरते, व्हिडिओचा आवाज येतो पण पडदा काळा. पत्र टाइप करणं, छपाई, ईमेल यांची घडी चटकन बसते. गाणी आणि व्हिडिओच अडून बसतात. असं का होतं, त्यावर कोणकोणते उपाय सुचवले गेले आणि वाद आज कुठे येऊन थांबला आहे, याचा हा आढावा.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. मुलगा न्यू जर्सीत आहे. नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ त्याने आयफोनवर घेतला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पुण्यातल्या आजोबांच्या नव्या लॅपटॉपवर तो लगेच लागला. दिवाळीत मुलगा आला तेव्हा तोच व्हिडिओ ‘मूळ क्वालिटीत’ पेनड्राइव्हवर घेऊन आला, आणि तो मात्र लागेना. आवाज ऐकू येतो, चित्र नाही, आणि वर एक एक्स्टेन्शन विकत घेण्याची सूचना. आजोबांना वाटतं, आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. प्रत्यक्षात त्यांच्या हातून काहीच चुकलेलं नाही. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन व्हिडिओ एच.२६५ या पद्धतीने साठवतो. व्हॉट्सअ‍ॅप तो पाठवताना साधारणपणे जुन्या एच.२६४ मध्ये बदलून देतं. दोन्ही फाइलींत नातू तोच, केक तोच, पण वळकटी बांधण्याची रीत वेगळी. नव्या लॅपटॉपला एक वळकटी सोडता येते, दुसरी येत नाही.

डबा आणि आतला पदार्थ

या प्रश्नात दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. फाइलीच्या नावाच्या शेवटी दिसणारं एमपी४, एमकेव्ही किंवा एव्हीआय हे डब्याचं नाव आहे. आत काय भरलं आहे ते ठरतं कोडेकवरून, म्हणजे चित्र आणि आवाज आवळून लहान करण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीवरून. एकाच एमपी४ डब्यात एच.२६४ असू शकतं, एच.२६५ असू शकतं, एव्ही१ सुद्धा असू शकतं. म्हणून ‘माझ्याकडे एमपी४ चालतं’ हे विधान अर्धवट राहतं.

मराठी घरांतल्या कपाटात या पद्धतींचे थर एकावर एक साचलेले आहेत. सर्वांत खाली व्हीसीडी. १९९३ च्या या प्रमाणानुसार एका चकतीवर सुमारे ७४ मिनिटांचा व्हिडिओ मावतो, म्हणून सिनेमा दोन चकत्यांत यायचा आणि मध्यंतराच्या आसपास उठून चकती बदलावी लागायची. चित्राचा आकार अवघा ३५२ बाय २८८ ठिपके. संगणकात चकती घातली की आतल्या फाइलींना ‘डीएटी’ असं शेपूट दिसतं, त्यामुळे ही कसली फाइल हे नव्या सिस्टीमला पटकन कळत नाही. पदार्थ मात्र साधा एमपीईजी-१ असतो. त्यावर लग्नाच्या डीव्हीडींचा थर, त्यावर एमपी३ गाण्यांनी भरलेल्या सीड्या, त्यावर साध्या मोबाइलमधले थ्रीजीपी तुकडे आणि सर्वांत वर आजच्या फोनमधले व्हिडिओ. नवी सिस्टीम बसवली की हे सगळे थर एकदम तिच्यापुढे येतात.

ते सगळे पहिल्या दिवसापासून का चालू नयेत? याचं उत्तर तंत्रापेक्षा परवान्यात जास्त आहे. यांतल्या बऱ्याच पद्धतींवर पेटंटं होती किंवा अजून आहेत. एमपी३ चा परवाना कार्यक्रम जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेशी जोडलेला होता. तो २३ एप्रिल २०१७ रोजी बंद झाला. डीव्हीडीच्या एमपीईजी-२ वरची शेवटची अमेरिकी पेटंटं २०१८ मध्ये संपली. २००३ च्या एच.२६४ साठी निदान एक मुख्य पेटंट-संघ होता, त्यामुळे पैसे कुणाला द्यायचे हे तरी स्पष्ट होतं. २०१३ मध्ये आलेल्या एच.२६५ भोवती मात्र तीन वेगवेगळे संघ उभे राहिले आणि त्यांच्याबाहेरही काही पेटंटधारक राहिले. आजोबांच्या काळ्या पडद्यामागे हा गुंता आहे.

तीन घराणी, तीन रिती

विंडोज एक्सपीच्या काळात डीव्हीडी पाहायला वेगळा डीकोडर लागायचा. संगणक जुळवून देणारा पॉवरडीव्हीडी किंवा विनडीव्हीडी टाकून द्यायचा आणि बाकी सगळ्यासाठी के-लाइट कोडेक पॅक. २००९ च्या विंडोज ७ ने चित्र बदललं. तिच्या घरगुती वापराच्या मुख्य आवृत्त्यांत डीव्हीडी, एच.२६४ आणि एएसी तयारच होतं. नंतर वारं उलटं फिरलं. २०१२ च्या विंडोज ८ मधून डीव्हीडी चालवण्याची अंगभूत सोय काढली गेली. डीकोडरपोटी द्यावा लागणारा परवान्याचा खर्च आणि चकतीचा कप्पाच नसलेल्या संगणकांची वाढती संख्या ही त्याची कारणं देण्यात आली. २०१५ च्या विंडोज १० ने मीडिया सेंटर पूर्ण बंद केलं. त्याच विंडोज १० मध्ये एमकेव्ही आणि फ्लॅक यांची सोय मात्र नव्याने आली. पुढे एच.२६५ स्टोअरमधल्या विकतच्या एक्स्टेन्शनमध्ये गेलं. अमेरिकेत त्याची किंमत ९९ सेंट आहे.

अ‍ॅपलने मोजकं पण पक्कं द्यायचं असं धोरण ठेवलं. एच.२६४ आणि एच.२६५ मॅकमध्ये आधीपासून असतं, त्यामुळे आयफोनचा व्हिडिओ तिथे अडत नाही. एमकेव्ही मात्र क्विकटाइम प्लेअर उघडत नाही. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट प्रोग्रॅम बंद केले, त्याबरोबर क्विकटाइम ७ गेला आणि त्याच्यावर विसंबलेले काही जुने कोडेकही गेले. त्याच वेळी आयट्यून्सचे म्युझिक, टीव्ही आणि पॉडकास्ट असे तुकडे झाले. वर्षानुवर्षं रचलेला गाण्यांचा संग्रह कुठे गेला, असं कित्येकांना तेव्हा वाटलं. संग्रह जागेवरच होता, फक्त दार बदललं होतं.

लिनक्सच्या घराण्यात रीत वितरणागणिक बदलते. उबुंटू बसवताना ‘आणखी मीडिया फॉरमॅट’ घ्यायचे का, अशी चौकट येते. ती रिकामी राहिली की पुढे व्हिडिओ अडू शकतात. लिनक्स मिंट पूर्वी कोडेकसकटच यायचं. २०१६ च्या मिंट १८ पासून ते चौकटीवर खूण केल्यावर येतात. फेडोरा याहून काटेकोर आहे. तिच्यामागच्या रेड हॅट या अमेरिकी कंपनीला अमेरिकी पेटंट कायदा पाळावा लागतो. म्हणून एमपी३ ऐकण्याची सोयसुद्धा फेडोरात २०१६ च्या अखेरीस आली. २०२२ मध्ये फेडोराने एच.२६४ आणि एच.२६५ साठी ग्राफिक्स चिपची मदत घेणारा भागही आपल्या मूळ संचातून काढला. ज्यांना तो हवा ते आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून घेतात.

चार भूमिका

पहिली भूमिका अशी की सिस्टीम घरी आली की सगळं चाललं पाहिजे. पंखा घेतला आणि पाती वेगळी आणायची, असं कुणी म्हणत नाही. या मताच्या बाजूने मोठा मुद्दा सामान्य वापरणाऱ्याचा आहे. त्याला कोडेक हा शब्द माहीत असण्याची गरज नाही, आणि अडल्यावर तो शोधत जातो तिथे नकली कोडेकच्या नावाखाली व्हायरस टपलेले असतात. या मताविरुद्धचा मुद्दा पैशाचा आणि स्पर्धेचा आहे. न वापरणाऱ्यालाही परवान्याचा भार पडतो, आणि सिस्टीम विकणाराच प्लेअर देऊ लागला तर दुसऱ्यांना जागा उरत नाही. युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला, तेव्हा विंडोजबरोबर मीडिया प्लेअर जोडून देणं हा त्यातला एक आरोप होता. २००७ मध्ये न्यायालयाने तो निर्णय मूलतः कायम ठेवला. त्यातून मीडिया प्लेअर नसलेली विंडोजची ‘एन’ आवृत्ती जन्मली. किंमत तेवढीच आणि सोय कमी, त्यामुळे तिला फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही. आजही ती आवृत्ती वापरणाऱ्याला मीडिया फीचर पॅक वेगळा टाकावा लागतो.

दुसरी भूमिका ज्याला हवं त्याने घ्यावं ही. मूळ संच हलका ठेवायचा आणि बाकीचं चौकटीत खूण करून किंवा स्टोअरमधून मिळवायचं. हिशेब सरळ आहे, पण ही सोय कुठे आहे ते कुणीतरी सांगावं लागतं. चौकट भराभर ‘पुढे, पुढे’ दाबताना निसटते आणि महिनाभराने व्हिडिओ अडला की तिची आठवण राहत नाही.

तिसरी भूमिका मुक्त फॉरमॅटची आहे. हिचे समर्थक म्हणतात की अडचण सिस्टीममध्ये नसून पद्धतीवरच्या मालकीत आहे, म्हणून जग मालकी नसलेल्या पद्धतींकडे न्यावं. ऑग व्हॉर्बिस, २०१२ मध्ये प्रमाणित झालेला ओपस, २०१० मध्ये गूगलने आणलेलं वेबएम आणि २०१८ मध्ये आलेला एव्ही१ ही या विचाराची फळं. एव्ही१ मागच्या अलायन्स फॉर ओपन मीडिया या संघात पूर्वीचे प्रतिस्पर्धीही एकत्र आले. हा मार्ग लांब आहे, हे त्याचे समर्थकही मान्य करतात. वेबपानात व्हिडिओसाठी एकच मुक्त कोडेक ठरवण्याचा प्रयत्न २००९ मध्ये एकमताअभावी सोडून द्यावा लागला. मोझिलाने फायरफॉक्समध्ये एच.२६४ ला बरीच वर्षं विरोध केला आणि २०१२ मध्ये वास्तव स्वीकारलं. शिवाय मुक्त फॉरमॅट उद्याच्या फाइलींना उपयोगी. कपाटातली जुनी चकती आहे तशीच राहते.

चौथी भूमिका व्यवहाराची आहे. सिस्टीमकडे बोट दाखवत बसण्यापेक्षा सगळं पेलणारा प्लेअर स्वतःच टाकावा. व्हीएलसी हे तिचं ठळक उदाहरण. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रकल्प २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला झाला. केशरी-पांढऱ्या शंकूचं त्याचं चिन्ह भारतातल्या बहुतेक संगणकांवर दिसलेलं आहे. तो आपले कोडेक आपल्याबरोबरच आणतो. त्यातला बराच भाग फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या एफएफएमपेग या प्रकल्पातून येतो. मॅकवरचा आयआयएनए आणि लिनक्सवरचा एमपीव्ही याच वाटेने जातात. मर्यादा दोन आहेत. बाहेरचा प्लेअर फाइली उघडतो, पण फोल्डरमधली छोटी चित्रं, फोटोंचं अ‍ॅप, संकलनाचं सॉफ्टवेअर सिस्टीमच्याच कोडेकवर अवलंबून राहतात. दुसरं, एका प्रकल्पावर एवढा भार असला की त्याचं दार बंद होणं सर्वांना जाणवतं. २०२२ मध्ये भारतात व्हीएलसीचं संकेतस्थळ काही महिने उघडत नव्हतं. कायदेशीर नोटीस गेल्यावर त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बंदी उठली.

कोडेक आला तरी

व्हिडिओ लागला म्हणजे घडी बसली असं नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवल्यावर पहिली तक्रार पंख्याच्या घरघरीची असते. व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपने केलं तर यंत्र थंड राहतं, तेच मुख्य प्रोसेसरवर पडलं तर तापतं. दहा वर्षांपूर्वीच्या चिपला एच.२६४ येतं, पण एव्ही१ येत नाही. इंटेलच्या चिपांत ती सोय २०२० पासूनची, अ‍ॅपलच्या मॅकमध्ये २०२३ च्या एम३ पासूनची. त्यामुळे यूट्यूबने एव्ही१ पाठवलं की जुनं यंत्र घामाघूम होतं. फायरफॉक्सने इंटेल चिपांची मदत लिनक्सवर आपोआप घेणं २०२३ मध्ये सुरू केलं, तेव्हापासून हे दुखणं काहीसं कमी झालं आहे.

आवाजाची कहाणीही अशीच बदलत आली. २००८ मध्ये उबुंटूने पल्सऑडिओ आणलं, तेव्हा आवाज तुटण्याच्या तक्रारींनी लिनक्सवाले वैतागले होते. त्याची जागा घेणारं पाइपवायर फेडोरात २०२१ मध्ये आणि उबुंटूत २०२२ च्या अखेरीस आलं. ब्लूटूथ हेडफोनचा जाच त्याने बराच कमी केला.

मराठी वापरणाऱ्याची एक वेगळी अडचण आहे, ती फाइलीवर चिकटवलेल्या नावांची. एमपी३ फाइलीच्या शेवटी गाण्याचं नाव लिहिण्याची जुनी पद्धत जेमतेम ३० बाइट देते आणि देवनागरी गृहीतच धरत नाही. युनिकोडमधलं एक देवनागरी चिन्ह साठवायला सामान्यतः तीन बाइट लागतात. म्हणजे त्या जागेत कानामात्रेसकट दहाच चिन्हं बसतील. नंतरच्या पद्धतीत युनिकोड आलं, तरी जुन्या संग्रहांतली नावं कधी रोमन स्पेलिंगमध्ये, कधी युनिकोडपूर्व फाँटच्या सांकेतिक अक्षरांत असतात. जुन्या संगणकावर तो फाँट होता म्हणून नाव वाचता यायचं. नव्या सिस्टीमवर त्याच जागी कडबोळं दिसतं. हे कुठल्याच कोडेकने सुटत नाही. नावं हाताने किंवा फाँट-परिवर्तक वापरून पुन्हा लिहावी लागतात.

न सुटलेलं

पहिला अनिर्णित प्रश्न कुलपांचा. बाजारातल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर सांकेतिक कुलूप आणि प्रदेश-क्रमांक असतो. भारताचा क्रमांक पाच. ड्राइव्हचा प्रदेश साधारण पाचच वेळा बदलता येतो. हे कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल नॉर्वेच्या यॉन लेक योहानसेन यांच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये ते दोनदा निर्दोष सुटले. अमेरिकेचा १९९८ चा कायदा असं कुलूप उघडण्यालाच आक्षेप घेतो. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ हक्कभंगाचा हेतू असण्यावर भर देतं. आपण विकत घेतलेली चकती आपल्याच लिनक्सवर पाहणं या दोहोंच्या मध्ये कुठे बसतं, यावर कायदेतज्ज्ञांचं एकमत नाही. लग्नाच्या डीव्हीडीवर बहुधा असं कुलूप नसतं, म्हणून ती विनातक्रार लागते.

ऑनलाइन पाहण्याने हा प्रश्न मिटला असं वाटलं होतं. पण तिथेही कुलूप आहे, फक्त ते ब्राउझरमध्ये शिरलं. २०१७ मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने त्याला प्रमाणाचा दर्जा दिला, तेव्हा ईएफएफ ही डिजिटल हक्कांसाठी झगडणारी संस्था निषेध म्हणून बाहेर पडली. एका बाजूचं म्हणणं असं की कुलपाशिवाय निर्माते सिनेमे देणार नाहीत. दुसरी बाजू म्हणते, पैसे भरलेल्या ग्राहकाला त्याची सिस्टीम पाहून कमी दर्जा का द्यावा? सर्वोच्च दर्जाचं चित्र आजही काही सेवा ठरावीक सिस्टीम आणि ठरावीक ब्राउझरवरच देतात.

दुसरा प्रश्न पेटंटांच्या मुदतीचा. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक-प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. तरीही आपण वापरतो ती सिस्टीम दुसऱ्या देशाच्या कायद्याप्रमाणे घडलेली असते, म्हणून त्या देशाची चौकट आपल्या टेबलावर येते. एमपी३ आणि एमपीईजी-२ ची गोष्ट मुदत संपल्यावर शांत झाली. एच.२६४ चीही तशीच होईल असं मानायला आधार आहे. एच.२६५ ला अजून वेळ आहे.

तिसरा प्रश्न जतनाचा, आणि तो सर्वांत कमी चर्चिला गेला आहे. सिस्टीम बदलताना लोक फाइली हलवतात. त्या उलगडण्याची पद्धत मात्र मागे राहते, आणि क्विकटाइम ७ बरोबर गेलेल्या कोडेकसारखी ती गुपचूप नाहीशी होऊ शकते. घरगुती संग्रह कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावा यावर जाणकारांचंही एकमत नाही. काही म्हणतात मूळ फाइलीला हात लावू नये, कारण प्रत्येक रूपांतरात चित्राचा थोडा भाग कायमचा जातो. काही म्हणतात, उघडत नसलेल्या मूळ फाइलीपेक्षा उघडणारी प्रत बरी. दोन्ही ठेवणं हा मध्यममार्ग आहे आणि हार्ड डिस्कच्या आजच्या किमतीत तो परवडण्यासारखा आहे.

बदलण्याआधी

या आढाव्यातून एवढं दिसतं की गेल्या वीस वर्षांत फाइल लावण्याची जबाबदारी सिस्टीमकडून स्टोअरकडे, तिथून प्लेअरकडे आणि शेवटी ब्राउझरकडे सरकत गेली. कोणत्याही एका सिस्टीमने ती पूर्ण पेललेली नाही, आणि त्याचं खापर वापरणाऱ्याच्या अज्ञानावर फोडण्यात अर्थ नाही. हातात असलेली गोष्ट छोटी आहे. लिनक्सचं बहुतेक कोणतंही वितरण संगणकात न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. जुनी सिस्टीम पुसण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि पाच गोष्टी लावून पाहा : एक व्हीसीडी, लग्नाची डीव्हीडी, एक जुनं एमपी३ गाणं, फोनमधला मूळ व्हिडिओ आणि रोज वापरता त्या ऑनलाइन सेवेवरचा एक सिनेमा. जे लागणार नाही त्याची प्रत जुन्या संगणकावरच काढून ठेवा. तो अजून चालू आहे तोवर.